वार्धक्य, श्रद्धा आणि उरलेले काम

काही वर्षांपूर्वी ‘स्मृतिचित्रे’ शिकवताना एका विद्यार्थिनीने आम्हांला विचारले, “लक्ष्मीबाईंनी हे पुस्तक म्हातारपणी लिहिले असे आपण म्हणता. मग त्यात म्हातारपण कुठे आहे?” प्रश्न साधा होता, आणि त्या तासाला आम्ही दिलेले उत्तर अगदीच वरवरचे होते. आत्मचरित्र गतकाळाविषयी असते, लेखनकाळाविषयी नसते, असे काहीतरी सांगून आम्ही पुढच्या प्रकरणाकडे वळलो. प्रश्न मात्र मागे राहिला. आता आम्ही स्वतः त्या वयाच्या जवळ येऊन ठेपलो आहोत. पुस्तक पुन्हा हाती घेतले, की तो आठवतो. त्याचे जे उत्तर आज आम्हांला सुचते, ते येथे मांडायचे आहे.

मराठी ख्रिस्ती लेखकांविषयी आपण बोलू लागलो, की बोलणे बहुतेक वेळा धर्मांतरापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली, लक्ष्मीबाईंचा १९०० साली, पंडिता रमाबाईंचा इंग्लंडमध्ये १८८३ साली. या तारखा विद्यार्थ्यांना पाठ असतात. घरच्यांचा आकांत, समाजाचा रोष, वृत्तपत्रांतील वाद यांवर भरपूर लिहिले गेले आहे. धर्मांतर ही नाट्यमय घटना असल्याने ते स्वाभाविकच आहे. परंतु बाप्तिस्म्यानंतरही या माणसांनी पुढे वीस, तीस, चाळीस वर्षे काढली. ती थकली, आजारी पडली, त्यांची माणसे गेली. ज्या श्रद्धेसाठी त्यांनी एवढी किंमत मोजली, ती उतारवयात त्यांच्या काय उपयोगी पडली, हे आपण क्वचितच विचारतो. आमच्या मते त्या श्रद्धेची खरी परीक्षा तिथे आहे. तरुणपणी माणूस एखाद्या विचारासाठी घर सोडू शकतो. साठीनंतर तोच विचार त्याला सकाळी अंथरुणातून उठवतो का, हा निराळा प्रश्न आहे.

आधी ज्या ग्रंथावर ही श्रद्धा उभी आहे, तो म्हातारपणाविषयी काय सांगतो ते पाहू. आश्चर्य वाटेल, पण तो फारसे गोड बोलत नाही. ‘उपदेशक’ या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात जीर्ण होत चाललेल्या घराचे रूपक आहे. राखणदार थरथरतात, दळणाऱ्या थोड्याच उरतात, खिडक्यांतून पाहणाऱ्यांना अंधुक दिसू लागते. हात, दात आणि डोळे यांची ही अवस्था कवीने कोणतीही सारवासारव न करता सांगितली आहे. नव्वदाव्या स्तोत्रात सत्तर किंवा फार तर ऐंशी वर्षांचा हिशोब मांडला आहे आणि तोही कष्टांचाच. एकाहत्तराव्या स्तोत्रातील भक्त शक्ती सरत असताना आपल्याला टाकून देऊ नये अशी विनवणी करतो. म्हातारपणाची सर्वांत मोठी भीती मरणाची नसते, टाकले जाण्याची असते, हे त्या कवीला नेमके ठाऊक आहे.

या स्पष्टोक्तीच्या शेजारीच दुसरा सूर आहे. ब्याण्णवाव्या स्तोत्रात देवाच्या अंगणात लावलेली झाडे वृद्धपणीही फळ देतात. लूककृत शुभवर्तमानात बालक येशूला मंदिरात ओळखणारी माणसे याजक किंवा पंडित नाहीत. एक शिमोन, ज्याला परंपरेने वृद्ध मानले आहे. दुसरी हन्ना, चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा. दोघांनी आयुष्यभर एकच काम केले, ते वाट पाहण्याचे, आणि ते काम वाया गेले नाही. पौल फिलेमोनाला पत्र लिहितो तेव्हा तो कैदेत आहे आणि स्वतःला वृद्ध म्हणवून घेतो. त्या पत्राचा मुख्य हेतू स्वतःसाठी काही मागणे हा नाही. पळून आलेल्या एका गुलामाला भाऊ म्हणून परत स्वीकारावे, अशी रदबदली करतो. या गोष्टींतून एक विचार हळूहळू स्पष्ट होतो. शरीर थकते हे खरे, पण बोलावणे थांबत नाही. ख्रिस्ती मराठीत ज्याला ‘पाचारण’ म्हणतात, त्याला निवृत्तीचे वय नाही.

आपल्याकडे वानप्रस्थाची कल्पना आहे. संसारातून क्रमाक्रमाने मोकळे होणे हा तिचा गाभा. तिच्यातही एक शहाणपण आहे आणि आम्ही ते कमी लेखत नाही. व्यवहारात मात्र त्या कल्पनेचे जे उरले आहे ते एका वाक्प्रचारात सापडते: “आता देव देव करत बसावं.” या वाक्यातील खरे क्रियापद ‘करणे’ नसून ‘बसणे’ आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाने एका कोपऱ्यात बसावे, मध्ये बोलू नये, हा त्याचा अर्थ. देव हे तिथे कोपऱ्याचे सभ्य नाव असते. पंढरीच्या वाटेवर सत्तरीच्या बाया डोक्यावर तुळस घेऊन शेकडो मैल चालतात, तेव्हा त्या या वाक्याला पायांनीच उत्तर देतात, हेही येथे नोंदवले पाहिजे. म्हणजे कोपरा नाकारण्याचे सामर्थ्य केवळ एका धर्मात आहे असे नाही. पण मराठी ख्रिस्ती साहित्यात त्या नकाराची जी लेखी साक्ष मिळते, ती फार ठळक आहे आणि फारशी वाचली गेलेली नाही.

सुरुवात फादर थॉमस स्टीफन्सपासून करावी लागेल. इंग्लंडमध्ये १५४९च्या सुमारास जन्मलेला हा जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला आणि पुन्हा मायदेशी गेला नाही. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ राचोल येथे छापले गेले १६१६ साली, म्हणजे तो पासष्टी ओलांडून गेल्यावर. सुमारे अकरा हजार ओव्या, त्याही जन्मभाषा नसलेल्या मराठीत. गोव्यातील धर्मांतराच्या इतिहासात सक्तीची आणि धर्मन्यायालयाची काळी पाने आहेत. स्टीफन्सचा ग्रंथ त्या इतिहासाबाहेर काढून वाचता येत नाही, आणि तसा तो वाचूही नये. जुनी पुराणे हातून गेलेल्या नवख्रिस्ती लोकांना त्यांच्याच छंदात काहीतरी हवे होते. ही गरज निर्माण कशी झाली, तेही लक्षात ठेवले पाहिजे. तरीही एक गोष्ट उरतेच. उतारवयातील हा परदेशी माणूस मराठीच्या ओवीत रमतो, तिच्या गोडव्याचे गुणगान करतो, आणि त्याच्या कामात थकव्याची खूण दिसत नाही. तीनच वर्षांनी, १६१९ साली, तो वारला. त्याने लिहिलेले कोकणीचे व्याकरण छापले गेले १६४० साली, त्याच्या मृत्यूला एकवीस वर्षे झाल्यावर. हा तपशील वाचकाने लक्षात ठेवावा. त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे.

दुसरे नाव पंडिता रमाबाईंचे. त्यांचे समाजकार्य सर्वांना माहीत आहे: शारदा सदन, दुष्काळातून आणलेल्या मुली, केडगावचे मुक्ती मिशन. पण आयुष्याची शेवटची सतरा-अठरा वर्षे त्यांनी जे काम केले, त्याची दखल मराठीच्या अभ्यासात क्वचितच घेतली जाते. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या भाषा शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणायला घेतले. संस्कृतच्या या विदुषीने संस्कृतप्रचुर मराठी मुद्दाम टाळली, कारण वाचणाऱ्या बायका खेड्यातल्या, नुकत्या अक्षर ओळखू लागलेल्या होत्या. ऐकू कमी येत होते, प्रकृती ढासळत होती, आश्रमाचा व्याप डोक्यावर होता. खिळे जुळवणे आणि छापणे हे कामही मुक्तीतल्या स्त्रियाच करत.

जुलै १९२१मध्ये त्यांची एकुलती मुलगी मनोरमा वारली. चाळिशीत असलेली, आईचे सारे काम पुढे नेईल अशी जिच्याकडे आशेने पाहिले जात होते, ती मुलगी. या आघातानंतर रमाबाई नऊ महिनेही जगल्या नाहीत. पण त्या महिन्यांत त्या मुद्रिते तपासत राहिल्या, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा मृत्यू झाला तेव्हा त्यांचे हे काम हातावेगळे झाले होते. संपूर्ण ग्रंथ बाहेर पडला १९२४ साली. पुढे या भाषांतराचा प्रसार फारसा झाला नाही. मंडळ्यांमधून दुसरीच भाषांतरे चालली. यशाच्या मापाने मोजले तर ही म्हातारपणाची मेहनत जवळजवळ निष्फळच म्हणावी लागेल. आमच्या दृष्टीने प्रश्न तो नाही. मुलगी गेल्यानंतरच्या सकाळी मुद्रितांचा गठ्ठा पुढे ओढण्याचे बळ कुठून येते, हा प्रश्न आहे. त्याला ‘सांत्वन’ हा शब्द पुरत नाही. सांत्वन दुःख कमी करते. इथे दुःख कमी झाल्याची कोणतीही खूण नाही. दुःख होते तसे शेजारी बसले आहे आणि काम चालू आहे.

आता टिळक पतिपत्नी. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली, पंचावन्नाव्या वर्षी, मिशनची पगारी चाकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. आज पंचावन्न हे म्हातारपण वाटत नाही. पण विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानातील सरासरी आयुर्मान तिशीच्याही खाली होते. बालमृत्यूंमुळे तो आकडा फार खाली येतो हे खरे असले, तरी त्या काळी पंचावन्नाव्या वर्षी माणसाने आवराआवरीला लागावे हीच रीत होती. टिळकांनी त्या वयात नवे घर मांडले. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, ते गेले. मागे राहिले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य, ज्याचे दहाच अध्याय लिहून झाले होते.

ते पुरे केले लक्ष्मीबाईंनी. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याच्या लहरींप्रमाणे कधी शिकलेल्या आणि कधी शिकणे सुटलेल्या या बाईने आपल्या वैधव्यात आणि वार्धक्यात चौसष्ट अध्याय रचले. ते प्रसिद्ध झाले १९३८ साली. त्याच्या दोन वर्षे आधी, फेब्रुवारी १९३६मध्ये, त्या वारल्या होत्या. याच काळात, सासष्टीच्या आसपास, त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ प्रकाशित करायला सुरुवात केली.

आता विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येऊ. ‘स्मृतिचित्रे’त म्हातारपण कुठे आहे?

आमचे उत्तर असे, की ते विषयात नाही, आवाजात आहे. वडिलांचे टोकाचे सोवळे, नवऱ्याचे न सांगता घर सोडून जाणे, त्याच्या धर्मांतरानंतरची ताटातूट, प्लेगचे दिवस: यांतील एकेका प्रसंगावर कडवटपणाने भरलेले पुस्तक लिहिता आले असते आणि त्या कडवटपणाला कोणी नावही ठेवले नसते. पण लक्ष्मीबाई हसतात. त्यांचे हसणे प्रसंग लहान करत नाही; छळाला छळच म्हणते. तरीही त्यात सूड नाही. टिळकांचा विसराळूपणा, त्यांचा संताप, स्वतःचा हट्ट, स्वतःचे अज्ञान, सगळ्यांकडे त्या सारख्याच अंतरावरून पाहतात. तिशीतल्या लक्ष्मीबाईंना हे जमले नसते. तेव्हा जखम ओली होती. हे अंतर वयाने दिले असे म्हणता येईल, पण नुसते वय असे अंतर देत नाही. आपल्या ओळखीतले कितीतरी वृद्ध चाळीस वर्षांपूर्वीचा अपमान काल घडल्यासारखा सांगतात. वयाच्या जोडीला आणखी काही लागते.

ते काहीतरी म्हणजे क्षमा, असे आम्हांला वाटते. ख्रिस्ती श्रद्धेत क्षमा हे केंद्र आहे, आणि तिला दोन बाजू आहेत: मी इतरांना क्षमा करायची आणि मलाही क्षमा झाली आहे असे मानायचे. दुसरी बाजू पहिलीपेक्षा अवघड. वार्धक्यात माणसाला छळतात ते इतरांचे अपराध कमी आणि स्वतःचे अधिक. करायचे राहिलेले, बोलून गेलेले, मुलांना न दिलेले. ज्याला स्वतःची क्षमा सापडलेली नाही त्याला स्मरण नकोसे होते. तो एक तर विसरतो किंवा खोटे बोलतो. लक्ष्मीबाई दोन्ही करत नाहीत. आपण पूर्वी जातीचा विटाळ कसा पाळत होतो, कसल्या कल्पना बाळगून होतो, हे त्या स्वतःवर हसत सांगतात. मराठी आत्मचरित्रात असा निर्भय प्रांजळपणा दुर्मिळ आहे. समीक्षकांनी त्याला स्वभावाचा मोकळेपणा म्हटले, साधेपणा म्हटले. आम्ही त्याला श्रद्धेचे फळ म्हणू, आणि ते पिकायला साठ वर्षे लागली असे म्हणू.

येथे दोन आक्षेप येतील. दोन्ही गंभीर आहेत.

पहिला असा: कामात गुंतून राहण्यासाठी देव कशाला हवा? महर्षी कर्वे रमाबाईंच्याच वर्षी, १८५८ साली, जन्मले. त्यांनी महिला विद्यापीठ १९१६ साली स्थापले आणि शंभरी ओलांडेपर्यंत जगले. त्यासाठी त्यांना बाप्तिस्मा लागला नाही. हे आम्हांला मान्य आहे. जीवितहेतू ही कोणत्याही धर्माची मक्तेदारी नाही. आमचे म्हणणे एवढेच, की ज्यांना तो श्रद्धेतून मिळाला त्यांचे लेखन वाचताना ती श्रद्धा बाजूला ठेवणे ही वाचनातील चूक आहे. रमाबाईंचे भाषांतर ‘भाषिक प्रयोग’ म्हणून आणि लक्ष्मीबाईंचे हसणे ‘स्त्रीसुलभ विनोद’ म्हणून वाचले, की मूळ धाग्याला हातच लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा आहे. ही सारी थोर माणसे. त्यांनी ग्रंथ लिहिले. जी म्हातारी अंथरुणाला खिळली आहे, जिला स्वतःचे नावही आठवत नाही, तिचा हेतू कोणता? म्हातारपणीही काम करा असे सांगणे म्हणजे दुबळ्यांवर आणखी एक ओझे टाकणे नव्हे काय? हा आक्षेप आम्ही बराच काळ मनात वागवला, आणि त्याचे उत्तर आम्हांला त्या लेखकांनी पुऱ्या केलेल्या ग्रंथांत सापडले नाही. ते सापडले त्यांच्या अपुऱ्या कामांत.

स्टीफन्सने आपले व्याकरण छापलेले पाहिले नाही. रमाबाईंनी संपूर्ण बायबल बांधलेल्या रूपात हाती घेतले नाही. टिळकांनी दहा अध्यायांवर लेखणी ठेवली, आणि उरलेले पूर्ण करणाऱ्या लक्ष्मीबाईंनीही तो ग्रंथ प्रसिद्ध झालेला पाहिला नाही. म्हातारपणी एवढे मोठे काम हाती घेणे हे हिशोबी माणसाचे लक्षण नव्हे. काम शेवटी आपल्या नावावर जमा होणार नाही, कोणीतरी दुसरा ते पुढे नेईल, असे मानणाऱ्याचे ते लक्षण आहे. मोशे नबो डोंगरावरून वचनदत्त भूमी पाहतो आणि तिथेच मरतो. नदी ओलांडतात ती दुसरी माणसे. त्या कथेने मोशेला अपयशी मानलेले नाही. आणि योहानकृत शुभवर्तमानाच्या अखेरीस पेत्राला सांगितले जाते, की म्हातारपणी तुझी कंबर दुसरा कोणी बांधील आणि तुला नको असेल तिथे नेईल. वृद्धाचे इतरांच्या हाती जाणे याहून नेमके सांगता येणार नाही. ते सांगून झाल्यावर त्याला म्हटले जाते, माझ्यामागे ये. म्हणजे चालणे संपले, दुसऱ्याने उचलून न्यायची वेळ आली, तरी मागे येणे चालूच असते. अंथरुणातल्या म्हातारीला या श्रद्धेत ग्रंथ लिहावा लागत नाही. स्वतःला इतरांच्या हाती सोपवणे हेही तिथे कामच मानले आहे, आणि ते सर्वांत अवघड.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे उदाहरण आपल्या काळातले आहे. ‘सुबोध बायबल’ प्रसिद्ध झाले २०१० साली, तेव्हा ते पासष्टी ओलांडून गेले होते. पुढे उस्मानाबादच्या २०२०च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी प्रकृती साथ देत नसताना भूषवले. जुलै २०२४मध्ये ते गेले. रमाबाई केडगावला ज्या कामासाठी दिवे जाळत बसल्या, तेच काम नव्वद वर्षांनी वसईतल्या एका धर्मगुरूने पुन्हा पहिल्यापासून हाती घेतले. भाषांतर कधीच संपत नाही. प्रत्येक पिढीतील कोणा तरी थकत चाललेल्या माणसाच्या हातून ते पुढे सरकते.

शिकवणाऱ्यांना आमची एक सूचना आहे. ‘स्मृतिचित्रे’तून वेचे निवडताना आपण बहुधा बालपणाचे आणि संसाराच्या गमतींचे निवडतो. ते हसवतात, परीक्षेला सोपे जातात. त्यांच्या जोडीला टिळकांच्या मृत्यूनंतरचा भागही वाचावा. ‘ख्रिस्तायन’ हे शक्य असेल तेव्हा उघडावे आणि टिळकांचे अध्याय कुठे संपतात व लक्ष्मीबाईंचे कुठे सुरू होतात, ते पाहावे. काव्यगुणांत दोघांत फरक आहे. तो लपवण्याचे कारण नाही. पण एका माणसाने ठेवलेली लेखणी दुसऱ्याने उचलण्याचा तो क्षण मराठी साहित्यात दुसरीकडे सहज मिळणार नाही.

ती विद्यार्थिनी आता स्वतः कुठेतरी शिकवत असेल. तिला तेव्हा द्यायचे राहिलेले उत्तर आमच्याकडून उशिरा आले. तेही अपुरे आहे. ते पुरे करण्याचे काम आम्ही तिच्याकडे आणि तिच्या विद्यार्थ्यांकडे सोपवतो.